सालटी, चामडी आणि कात

ही गोष्ट टेलिप्रिंटरच्या दिवसांची. मी तेव्हा मुंबईतल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी वृत्तसंस्थेकडून इंग्रजी बातमी आली. रस्त्यांच्या दुरवस्थेवरून न्यायालयाने एका नगरपालिकेला फैलावर घेतले होते. बातमीच्या पहिल्याच वाक्यात क्रियापद होते ‘एक्स्कोरिएट’. अर्थ संदर्भावरून कळत होता, पण मी कोश उघडला, लॅटिन मूळ वाचले आणि हरखून जाऊन मथळा दिला : न्यायालयाने पालिकेची सालटी काढली.

मुख्य उपसंपादकांनी कागद परत पाठवला. ‘सालटी काढली’वर लाल शाईची रेघ होती आणि वर लिहिले होते, ‘ताशेरे ओढले’. मी वाद घालायला गेले. कोशातला अर्थ दाखवला. ते म्हणाले, ‘‘बाई, कोश बरोबर आहे. पण न्यायालय सालटी काढत नाही, न्यायालय ताशेरे ओढतं. सालटी आपण काढतो, अग्रलेखात.’’

ते हसले, मीही हसले. मथळा त्यांचाच गेला. पण तो शब्द माझ्याजवळ राहिला. निवृत्तीनंतर मी घोडबंदर गावात राहायला आले. किल्ल्याच्या टेकडीवरून खाडी दिसते आणि खालच्या रस्त्यावरची वाहनांची रांग ऐकू येते. त्या रस्त्याच्या खड्ड्यांवरून आजही कुणी ना कुणी कुणावर तरी ताशेरे ओढत असते. वर्तमानपत्रात ते शब्द वाचले की मला लाल शाईची ती रेघ आठवते. गेल्या वर्षी मात्र एक भेट अशी घडली की या शब्दाकडे केवळ भाषेची गंमत म्हणून पाहणे मला शक्य राहिले नाही. त्या भेटीकडे मी शेवटी येणार आहे. आधी शब्द.

शब्दाची चिरफाड

‘एक्स्कोरिएट’चे तुकडे सरळ आहेत. ‘एक्स’ म्हणजे बाहेर, वेगळे. ‘कोरियम’ म्हणजे लॅटिनमध्ये कातडे, विशेषतः जनावराचे. दोन्ही मिळून अर्थ झाला कातडे उतरवणे, सोलणे. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकापासून आहे आणि सुरुवातीला त्याचा अर्थ शब्दशः तोच होता. टीकेचा अर्थ नंतर चिकटला, आणि आज सामान्य वाचकाला तोच माहीत असतो. जुना अर्थ डॉक्टरांनी मात्र सोडलेला नाही. त्वचा खरवडली गेली, खाजवून सोलवटली, तर केसपेपरवर आजही ‘एक्स्कोरिएशन’ असेच लिहितात. स्वतःची त्वचा सतत टोकरत राहण्याच्या मानसिक विकारालाही अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३च्या आपल्या वर्गीकरणात याच शब्दाने नाव दिले आहे.

इंग्रजीत कठोर टीकेसाठी औपचारिक क्रियापदे अनेक आहेत, आणि प्रत्येकाच्या पोटात एक वेगळे चित्र आहे. ‘सेन्शर’मागे रोमचा सेन्सर उभा आहे, लोकांची गणना करणारा आणि त्यांच्या वर्तनावर नजर ठेवणारा अधिकारी. आपल्या विधिमंडळात त्याला ‘निंदाव्यंजक ठराव’ असे जडजंबाल रूप मिळाले. ‘लॅम्बास्ट’मध्ये निव्वळ बडवणे आहे. त्यातले दोन्ही तुकडे मारण्याचेच. ‘कॅस्टिगेट’ मात्र ‘कास्टुस’ म्हणजे शुद्ध या शब्दापासून आलेला. दोष काढून शुद्ध करणे हा त्याचा पाया. म्हणून जुन्या काळी ग्रंथाचा पाठ तपासून दुरुस्त करण्यालाही हाच शब्द वापरीत. आपल्या ‘शिक्षा’ शब्दाशी त्याचे विलक्षण साम्य आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे-शिकवणे, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. शिकवण आणि मार यांच्यातले अंतर भाषा किती सहज पार करते, याचा हा पुरावा.

‘एक्स्कोरिएट’मध्ये शुद्धीची अशी कोणतीही आशा नाही. त्यात सुधारणा नाही, निर्णय नाही. फक्त कातडे आणि मांस वेगळे होणे आहे. माझ्या मते या सगळ्या औपचारिक, कोट-टाय घातलेल्या क्रियापदांत सर्वांत हिंस्र हेच. त्याची हिंसा लॅटिनच्या आड लपलेली असल्यामुळे ते सभ्य वाटते, इतकेच. मराठीत आणले की ती लगेच उघडी पडते. मुख्य उपसंपादकांचा आक्षेप खरे तर तोच होता.

मराठीचा रागाचा संसार

मराठीत रागावण्याच्या वाक्प्रचारांची उणीव कधीच नव्हती. ते गटवार लावून पाहिले की एक नकाशा तयार होतो.

पहिला गट कानाचा : कानउघाडणी करणे, कान उपटणे, कानपिचक्या देणे. यांत वडीलधारेपणा आहे. ज्याचा कान धरायचा तो आपल्याहून लहान आहे, आपला आहे, आणि कान उघडला तर त्याला पुढे ऐकू येणार आहे. दुसरा गट केसांचा : हजामत करणे, भादरणे, आणि त्यातला अस्सल मराठी प्रकार म्हणजे बिनपाण्याने करणे. इथे वेदनेपेक्षा फजिती मोठी. केस पुन्हा उगवतात, म्हणून या गटातल्या माराला एक हसरी झाक असते. तिसरा कापडाचा : वाभाडे काढणे, चिंध्या करणे, लक्तरे वेशीवर टांगणे. इथे अंगाला स्पर्श नाही, अब्रूला आहे. माणूस उघडा पडतो, तोही चारचौघांत. चौथा गट हत्यारांचा : कोरडे ओढणे, आसूड ओढणे, धारेवर धरणे. ताशेऱ्यांचे वागणेही इथलेच. ते आपण ओढतो तसे झाडतोही. ओढणे हे क्रियापद चाबकाबरोबर चालते, झाडणे हे बंदुकीच्या गोळ्यांबरोबर.

आणि पाचवा गट त्वचेचा : सालटी काढणे, सोलून काढणे, चामडी लोळवणे, खरडपट्टी काढणे. ‘एक्स्कोरिएट’चे घर इथे.

हे गट निव्वळ हौसेचे नाहीत. कुणी कुणावर रागवावे आणि रागवून झाल्यावर दोघांत काय उरावे, याचे नियम त्यांत साठवलेले आहेत. आई मुलाची कानउघाडणी करते. तिने मुलाचे वाभाडे काढले असे म्हटले, तर ऐकणारा चपापतो. वर्गात गुरुजी हजेरी घेतात, पण न्यायाधीश कुणाचे कान उपटताना बातमीत दिसले की ती बातमी थोडी चावट होते. मराठी बोलणारा माणूस हे कोश न उघडता जाणतो. माझा मथळा पाडला गेला तो याच जाणिवेतून. न्यायालयाला मान आहे आणि म्हणून अंतर आहे. सालटी काढायला मात्र फार जवळ जावे लागते.

हे जवळ जाणे काय असते, ते मला भाईंदरच्या मासळी बाजारात दिसले. लेपा हा चपटा मासा सालीसकट शिजवीत नाहीत. कोळीण विचारते, ‘‘सोलून देऊ का?’’ डोक्यापाशी एक छेद, मग चिमटीत साल धरून एकच ओढ. शेपटीपर्यंत साल अखंड निघून येते आणि पाटावर पांढरा मासा उरतो. सगळे मिळून चार-पाच सेकंद. बोलता बोलता, पुढच्या गिऱ्हाइकाशी भाव करता करता. सोलणे हे आपल्या स्वयंपाकघरातले किती साधे क्रियापद आहे! लसूण सोलतो, वाटाणे सोलतो, कोळंबी सोलतो. या साधेपणामुळेच ते माणसावर वापरताना आपल्याला काही वाटत नाही. ‘काय सोललाय त्याला!’ असे म्हणताना जिभेवर चव असते.

हरलेल्या वादकाचे कातडे

ग्रीक पुराणात मार्सियस नावाचा एक वनदेवतांपैकी वादक आहे. त्याने बासरीसारखे वाद्य वाजवून खुद्द अपोलोला आव्हान दिले. अपोलो हा संगीताचा देव. पैजेची अट अशी की जिंकणाऱ्याने हरणाऱ्याचे हवे ते करावे. मार्सियस हरला, आणि अपोलोने त्याला झाडाला बांधून जिवंत सोलले. तिशियन या इटालियन चित्रकाराने उतारवयात, सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकात, हा प्रसंग रंगवला. त्या चित्रात सोलणाऱ्याचा चेहरा रागीट नाही, एकाग्र आहे. बारीक काम करणाऱ्या कारागिरासारखा. मी त्याची छापील प्रतिमाच पाहिली आहे, पण ती एकाग्रता विसरता येत नाही.

ही कथा कलेच्या स्पर्धेची आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. मार्सियसने चोरी केली नव्हती, खून केला नव्हता. तो कमी पडला, एवढेच. आणि कमी पडण्याची शिक्षा म्हणून त्याचे कातडे गेले. वाङ्मयीन टीकेला हा शब्द कसा बसला, याचे चित्रमय उत्तर मला या कथेत मिळते. व्युत्पत्तीचा पुरावा म्हणून मी ती सांगत नाही.

कातड्याची दुसरी कथा घोडबंदरच्या खाडीशी येऊन मिळते. येशूच्या बारा शिष्यांपैकी बार्थोलोम्यू याला जिवंत सोलून मारले, अशी ख्रिस्ती परंपरा आहे. म्हणूनच तो कातडे कमावणाऱ्यांचा रक्षक संत मानला जातो. मायकेलअँजेलोने १५४१ साली पूर्ण केलेल्या ‘अंतिम न्याय’ या भित्तिचित्रात हा संत एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात स्वतःचे लोंबते कातडे घेऊन बसला आहे. त्या कातड्यावरचा चेहरा चित्रकाराने स्वतःचा काढला, असे बहुतेक कलाभ्यासक मानतात. बार्थोलोम्यू ‘इंडिया’त येऊन गेला, असे चौथ्या शतकातल्या युसेबियसच्या चर्च-इतिहासात आहे. ही ‘इंडिया’ म्हणजे कोकण किनारा आणि कल्याणचा परिसर असावा, असे मत काही भारतीय ख्रिस्ती इतिहासकारांनी मांडले आहे. इतरांना ते मान्य नाही. पण कल्याणवरून येणारी उल्हास नदीच साष्टीला उत्तरेकडून वळसा घालून, घोडबंदरच्या पायथ्यापासून पुढे वसईच्या खाडीत जाते. सकाळी त्या पाण्याकडे पाहताना स्वतःचे कातडे हातात घेतलेला तो माणूस मला कधीकधी आठवतो. टीकाकाराने सोललेल्या कातड्यावर स्वतःचा चेहरा काढून पाहावा, हे मायकेलअँजेलोला सुचले होते. आपल्याला सहसा सुचत नाही.

ज्यांच्या हातात सुरी होती

इथे थांबून आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे. ‘चामडी लोळवणे’, ‘सोलून काढणे’ हे वाक्प्रचार छापील मराठीत ज्यांनी प्रतिष्ठित केले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी जनावराचे कातडे कधी सोलले नव्हते. गावगाड्यात ते काम कुणाचे होते हे आपण जाणतो. मेलेले जनावर ओढून नेणे, ते सोलणे, कातडे कमावणे ही कामे जातीने ठरलेली होती आणि त्या कामांसाठीच त्या जातींना दूर ठेवले जात होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे आपल्या लोकांना सांगितले. ते आवाहन पोटापुरते नव्हते, माणूसपणाचे होते.

म्हणजे ज्या कामाचा विटाळ मानला, त्याच कामाची क्रियापदे पुण्या-मुंबईच्या लेखणीने शौर्याची म्हणून मिरवली. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या लेखी सोलणे ही कसबाची गोष्ट असते. सुरीचा कोन चुकला तर कातड्याला भोक पडते आणि त्याची किंमत उतरते. नंतर बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ते मुरवावे लागते. कोल्हापुरी चपलेचे चामडे असेच कमावलेले असते. त्या माणसाच्या हातून शेवटी पायताण तयार होते, मोट तयार होते, ढोलकीचे तोंड मढवले जाते. आपण टीकाकार सोलतो तेव्हा शेवटी काय तयार होते, हा प्रश्न मला त्या कारागिरांच्या वतीने विचारावासा वाटतो.

चाळण आणि सुरी

‘टीका’ हा शब्द मुळात इतका भांडखोर नव्हता. संस्कृतात टीका म्हणजे ग्रंथाचा अर्थ उलगडून सांगणारे विवरण. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवर जी रचना केली तीही टीकाच, आणि तिचे मूळ नाव ‘भावार्थदीपिका’, अर्थ दिसावा म्हणून लावलेला दिवा. आज ‘त्यांनी माझ्या पुस्तकावर टीका केली’ असे कुणी म्हटले, तर आपण सांत्वन करायला सरसावतो. सातशे वर्षांत दिव्याची काडी आगकाडी झाली.

‘समीक्षा’ हा शब्द अजून तेवढा बिघडलेला नाही. सम् + ईक्ष्, म्हणजे नीट पाहणे. इंग्रजीतल्या ‘क्रिटिसिझम’चे मूळ ग्रीक ‘क्रिनेइन’, म्हणजे वेगळे करणे, निवडणे, निर्णय करणे. लॅटिनमधला चाळणीचा शब्द त्याच कुळातला मानतात. आपला ‘विवेक’ही वि + विच्, म्हणजे वेगळे काढणे. म्हणजे युरोपात काय आणि इथे काय, टीकेचे मूळ चित्र सुपात धान्य घेऊन बसलेल्या बाईचे आहे. ती पाखडते, खडे निवडते, आणि धान्य जपते. खडे फेकण्यासाठी ती बसलेली नसते. दाणे हवेत, म्हणून बसलेली असते.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी गद्यात चाळण आणि सुरी दोन्ही जोरात चालल्या. १८४८ ते १८५० या काळात भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींची शतपत्रे आली. त्यांत ब्राह्मणांच्या अज्ञानावर, आळसावर, कर्मकांडावर जे कोरडे आहेत ते लिहिणारा स्वतः ब्राह्मण होता. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली. मराठी गद्याला तिने जी ऐट दिली ती नाकारता येत नाही. पण त्याच मालेत जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा जो समाचार घेतला गेला, त्यात फुल्यांच्या मुद्द्यांपेक्षा त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टवाळी अधिक होती. फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. नावातच चाबूक आहे, आणि तो शेतकऱ्याच्या हातात आहे. फटके भटशाहीला आहेत, गोऱ्या-काळ्या अधिकाऱ्यांना आहेत. पण पुस्तक फटक्यांवर संपत नाही. शेवटच्या भागात बंधारे, तळी, जनावरांची पैदास, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण यांबद्दलच्या सूचना आहेत. फटक्यानंतर काय करायचे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

आज व्याकरणाच्या त्या टवाळीकडे पाहिले की कळते, ती करताना मुद्द्यांना उत्तर द्यायचे राहूनच गेले. शुद्धलेखन सोलून झाले, प्रश्न तसाच पाटावर पडून राहिला.

एक वाक्य

आता ती भेट.

मी अठ्ठावीस वर्षांची असताना एका नियतकालिकात पुस्तकपरीक्षणे लिहीत असे. तिखट लिहिते म्हणून माझे कौतुक होई, आणि मला ते आवडे. एकदा वसईकडच्या एका शाळामास्तरांचा पहिला कवितासंग्रह हाती आला. मी तीन दोष दाखवले : वृत्त अनेक ठिकाणी ओढूनताणून बसवले आहे, प्रतिमा वाचलेल्या आहेत पाहिलेल्या नाहीत, आणि शेवटच्या कडव्यात तात्पर्य सांगण्याची खोड आहे. तिन्ही दोष खरे होते. आजही मी ते दाखवीन. पण परीक्षण संपवताना मी एक वाक्य लिहिले, या कवीच्या हाताखाली मराठी शिकणाऱ्या मुलांची काळजी वाटते, अशा अर्थाचे. संपादक खूश झाले. मित्रांनी ते वाक्य पाठ म्हणून दाखवले.

गेल्या वर्षी वसईतल्या एका वाचकमेळाव्यात मी बोलायला गेले होते. भाईंदरहून २०२४ पासून रो-रो बोट सुरू झाली आहे, तिनेच खाडी ओलांडली. कार्यक्रमानंतर ऐंशीकडे झुकलेले एक गृहस्थ थांबले होते. त्यांनी नाव सांगितले. मला नाव आठवले नाही, मग त्यांनी पुस्तकाचे नाव सांगितले आणि मला सगळे आठवले.

‘‘बाई, तुम्ही माझ्या पुस्तकावर लिहिलं होतंत,’’ ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

मी म्हटले, ‘‘सर, फार कडक लिहिलं होतं मी. पण त्यात काही मुद्दे...’’

‘‘मुद्दे होते का?’’ त्यांनी खरोखरच विचारले. ‘‘असतील. मला मुद्दे नाही आठवत. ते मुलांबद्दलचं वाक्य आठवतं. दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गावर जायचं होतं. स्टाफरूममध्ये तो अंक येत असे.’’

नंतर त्यांनी कविता लिहिल्या का, असे मी विचारले. ‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘शिकवलं मात्र चांगलं. मुलं अजून येतात घरी.’’ मग त्यांनी मला चहा घेणार का विचारले, आणि आम्ही चहा घेतला. बोलणे पाऊस आणि बोटीच्या वेळा यांवर राहिले.

परतीच्या बोटीवर मला तो लाल शाईचा शेरा आठवला. सालटी आपण काढतो, अग्रलेखात. मी त्यांची सालटी काढली होती आणि तिला परीक्षण म्हणत होते. नैतिक हळहळ बाजूला ठेवली तरी, व्यवसायाच्या हिशेबानेही ते परीक्षण फसले होते. ज्याच्यासाठी ते तीन मुद्दे लिहिले त्याच्यापर्यंत ते पोहोचलेच नाहीत. एका वाक्याने ते अडवले. उघड्या मांसाला फक्त झोंबते. ते तिथे शिकत नसते. चाळणीने निवडलेले खडे मी त्याच हाताने फेकलेल्या सुरीखाली गाडून टाकले होते. आणि ते वाक्य कवितेबद्दल नव्हतेच. कवितेवरून मी माणसावर गेले होते, त्याच्या पोटापाण्याच्या कामावर, त्याच्या सहावीच्या वर्गावर.

कठोर लिहू नये, असे मला सुचवायचे नाही. खड्ड्यांसाठी पालिकेला गुळमुळीत भाषेत समजावण्यात अर्थ नसतो. सत्तेचे कातडे जाडच असते, तिथे आसूड चालतो, चालावाही. पण पहिले पुस्तक घेऊन आलेल्या शाळामास्तराला जाड कातडे कुठून असणार? हत्यार तेच असले तरी कुणावर चालवतो याने त्याचे नाव बदलते. शतपत्रे आणि ‘असूड’ आजही वाचवतात, कारण त्यांतली सुरी स्वतःच्या जातीकडे किंवा आपल्याहून बलवानाकडे वळलेली आहे. माझी सुरी माझ्याहून दुबळ्याकडे वळलेली होती.

कात

आता शब्दाचा शेवटचा धागा. मराठीतले ‘कातडे’ आले संस्कृत ‘कृत्ति’पासून. कृत्ति म्हणजे कातडे. ते पांघरतो म्हणून शंकर कृत्तिवास. ‘कृत्ति’च्या मुळाशी कापण्याच्या अर्थाचा ‘कृत्’ धातू आहे, कातरीची आजी ‘कर्तरी’ही त्याच घरातली. (सूत कातण्यातला ‘कृत्’ निराळा आणि विड्यातला कात तर सर्वस्वी निराळा. नाहीतर व्युत्पत्तीच्या उत्साहात आपण पानाचा डबाही सोलायला घेऊ. घोडबंदर नावाचेच पाहा. इथे घोडे उतरत म्हणून घोडबंदर, ही गोष्ट इथले प्रत्येक मूल सांगते. ती सांगताना कानाला इतकी पटते, की पुरावा मागायचे कुणाला सुचत नाही.) भाषाशास्त्रज्ञ लॅटिन ‘कोरियम’लाही भारत-युरोपीय कुळातल्या एका कापण्याच्या धातूशी जोडतात, आणि संस्कृत ‘चर्म’ही तिकडचेच मानतात. चर्मपासून चामडे, चामडी, चांभार. म्हणजे ‘एक्स्कोरिएट’च्या पोटातले कातडे आणि आपली चामडी ही फार लांबची, पण नात्यातली.

त्याच ‘कृत्ति’चे मराठीत आणखी एक लेकरू आहे : सापाची ‘कात’. रॅल्फ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात कात आणि कातडे एकाच नोंदीखाली येतात. एकाच मुळातून निघालेल्या या दोन शब्दांनी दोन अगदी उलट वाटा धरल्या. कातडे दुसरा सोलतो, कात आपण टाकतो. सोललेला जीव मरतो, कात टाकलेला जीव वाढतो. कारण कात टाकण्याआधी आत नवी त्वचा तयार झालेली असते. जुनी घट्ट होते, दगडाला घासून निघते, आणि साप पुढे जातो. दगड तिथे लागतोच. पण दगड सापाला सोलत नाही. तो खरखरीत असतो आणि जागेवर असतो, एवढेच त्याचे काम.

परीक्षण करणाऱ्याने तसा दगड व्हावे, असे मला आता वाटते. खरखरीतपणा हवा, जागचे हलणे नको, आणि अंगावर धावून जाणे तर नकोच.

‘एक्स्कोरिएट’ला मराठीत काय म्हणावे, या जुन्या प्रश्नाचे उत्तर म्हणाल तर मथळ्यात मी आज मुकाट्याने ‘ताशेरे ओढले’ असेच लिहीन. मुख्य उपसंपादक बरोबर होते. अर्थाची छटा थोडी सुटते, पण नाते बरोबर बसते.

ते जुने परीक्षण मी शोधून काढले आहे. तीन मुद्दे पुन्हा कागदावर लिहिले. या वेळी प्रत्येकासाठी त्यांच्याच संग्रहातले एक चांगले उदाहरणही सापडले, तेव्हा ते शोधायची तसदी मी घेतली नव्हती. शेवटचे वाक्य गाळले आहे. ते पत्र आणि हा दिवाळी अंक एकाच पाकिटात घालून वसईला पाठवणार आहे. ऐंशीच्या घरातल्या माणसाला वृत्ताच्या चुका दाखवून काय उपयोग, असे माझ्या बहिणीला वाटते. मला वाटते, ते पत्र त्यांचे देणे आहे. उघडायचे की नाही ते त्यांनी ठरवावे.